अंगठ्याच्या पेराएवढं अंतर

चैत्र अर्धा सरला की आमच्या चकलांब्यात मिक्सरचा आवाज सुरू होतो. ऊसतोडीला गेलेली माणसं परतलेली असतात, रानात हाताला काम नसतं, आणि ज्याला घर पुरं करायचं आहे तो याच दिवसांत स्लॅब टाकून घेतो. सकाळी सातलाच गल्लीच्या टोकाला डिझेलचं इंजिन धडधडायला लागतं, ड्रममध्ये खडी गरगरते, आणि ओल्या सिमेंटचा तो थंड मातकट वास उन्हात पसरतो. मी गवंडी. गेली तीसेक वर्षं या वासावरच पोट भरलं. हा हंगाम मला फार आवडतो, असं मी कुणी विचारलं की सांगतो. खरं म्हणजे मला त्याची भीती वाटते.

या दिवसांत आमच्या गावातली तळी छतांवर असतात. स्लॅब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंट-वाळूची बारीक आळी घालायची आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं, म्हणजे स्लॅब भाजत नाही. खाली विहिरींचा तळ दिसतो, टँकरपुढे बाया हंडे घेऊन उभ्या असतात, आणि वर बोटभर पाण्यात साळुंक्या पंख फडफडवत आंघोळ करतात. लहानपणी तेलगावला आमच्या घरावर पत्रा होता. त्यामुळे छतावर पाणी उभं राहू शकतं, हेच मला पहिल्यांदा इथं आल्यावर कळलं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन चकलांब्याला आली, आणि तिच्या मागोमाग कामासाठी मी आलो तो इथलाच झालो.

रफीक मूळचा इथलाच. आम्ही दोघं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली, एकाच उन्हाळ्यात लागलो. मला थापी मिळाली, त्याला तार पिळायचा आकडा. पुढं मी गवंडी झालो आणि तो लोखंडवाला. सळया कापणं, वाकवणं, त्यांची जाळी बांधणं हे त्याचं काम. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याच्या, तापलेल्या लोखंडी प्लेटांवर, डोक्याला ओला पंचा गुंडाळून तो उकिडवा बसायचा आणि एकामागून एक गाठ मारत पुढं सरकायचा. त्याच्या आकड्याला एक लय होती. घरातली माणसं नुसती ती बघायला वर यायची. माझी थापी बघायला कुणी आल्याचं मला आठवत नाही.

त्याचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे कव्हर ब्लॉक. सिमेंट-वाळूचे लहान चौकोनी तुकडे. सळई प्लेटला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवतात. बाकीचे लोखंडवाले हाताला येईल तो खडीचा दगड सारून मोकळे होतात. रफीक आठ दिवस आधीच घरी पाटावर ब्लॉक पाडायचा, ओल्यातच प्रत्येकात तारेचा तुकडा खोचायचा, कापून पाण्याच्या घमेल्यात भिजत ठेवायचा, आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी एकेक सळईला तारेनं बांधायचा. मी चिडवायचो.

"रफीक, अंडी उबवायलास का बे?"

"हसू नको दत्ता. लोखंडाचं मानसावानी हाय. उघडं पडलं की आजारी पडतंय. सिमेंटात पुरतं गुंडाळलं की शंभर साल काय होत न्हाई. खालून अंगठ्याचं एक पेर सिमेंट पायजे. बस्स."

"आन् कमी झालं तर?"

"तर वाफ शिरती, पानी शिरतं. लोखंड गंजतंय. गंजलं की फुगतंय, फुगलं की आतून ढुसण्या मारतंय. बाहेरून दहा-पंधरा साल काय बी दिसत न्हाई. मग एक दिवस डोक्यावर पडतंय."

हे तो मला शिकवायचा नाही. सहज सांगायचा, आणि तेच मला सोसायचं नाही. मी बारावी झालेला, तो सातवीतून सुटलेला. पण मालक स्लॅब कधी टाकायचा हे त्याला विचारत. तराई, म्हणजे स्लॅबवर पाणी धरणं, किती दिवस करायची, तेही त्यालाच. माझ्या नात्यातल्या लग्नात लोक मला म्हणत, "रफीकसंगं काम करता ना तुम्ही?" जणू ती माझी ओळख.

हेवा कधी सुरू झाला, हे मला सांगता येत नाही. त्याला सुरुवातीचा दिवस नसतो. त्याचं कुणी कौतुक केलं की माझ्या जिभेखाली तुरटी ठेवल्यासारखं व्हायचं. कुणी त्याची चूक काढली की आतून थंडगार वाटायचं, आणि मी तोंडानं म्हणायचो, "नाही हो, माणूस चांगला आहे." गंजाची उपमा मला इथं सुचते, पण मी ती घेणार नाही. गंजाला हेतू नसतो. मला होता.

सतरा वर्षांमागं आक्कानं घर बांधलं. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पाच-सहा हंगाम साखर कारखान्यावर मुकादमी केली होती आणि आक्काला आता पत्र्याखाली राहायचं नव्हतं. काम अर्थातच माझ्याकडं. लोखंड रफीककडं. पाया खोदल्यापासून आक्काचं एकच चाललेलं. "दत्ता, राग मानू नको बाबा, पन स्वयंपाकघराची खिडकी कुठं ठेवायची ते रफीकला विचारू." "दत्ता, जिना इकडून घ्यावा म्हनतो रफीक." माझी बहीण, मला कडेवर घेऊन वाढवलेली. तिच्या तोंडी ते नाव आलं की मी दुसरीकडं बघायचो.

आमच्याकडं स्लॅबच्या दिवशी मालकीण मिस्त्रीला नारळ, टॉवेल आणि टोपी देते. आधी मान, मग मिक्सरला नारळ फोडायचा, मग पहिलं घमेलं. त्या दिवशी शुक्रवार होता. आक्का सूप घेऊन आली. मी हात पुसून पुढं झालो, आणि ती माझ्यावरून पुढं जाऊन रफीकपुढं उभी राहिली.

"अगं, भावाला आधी," दाजी म्हणाले.

"भाऊ कुठं पळून चाललाय? सगळं घर याच्या लोखंडावर उभं राहनार हाय. पयला मान त्याचा."

सगळे हसले. मीही हसलो. दुसरा टॉवेल मला मिळाला. हिरवा होता, चांगला जाड. तो मी कधी वापरला नाही.

दुपारी रफीक नमाजला निघाला. जाताना म्हणाला, "दत्ता, स्वयंपाकघराकडचं बघ. मानसं तुडवित्यात. ब्लॉक हलले तर सारखे कर." एकदा सुरू झालेला स्लॅब आम्ही थांबवत नाही. मध्ये थांबला तर जुन्या-नव्या मालाचा, म्हणजे काँक्रीटचा, जोड उघडा राहतो, आणि घरालाही ते चांगलं नाही असं मानतात. म्हणून जेवणंही पाळीपाळीनं. निम्मी माणसं खाली गुळाच्या शिऱ्यावर बसली होती, निम्मी पलीकडच्या टोकाला माल ओढत होती. स्वयंपाकघरावरच्या भागात मी एकटा होतो. खिशात पक्कड होती.

मी पंधरा-वीस ब्लॉक काढले. तारा तोडायच्या, ब्लॉक ओढायचा, घमेल्यात टाकायचा.  इतकं मन लावून मी क्वचितच काम केलं असेल. सळया एकेक करून प्लेटवर टेकल्या. त्यांचा बारीक आवाज यायचा, पातेल्यावर चमचा ठेवल्यासारखा. मग माल आला आणि सगळं झाकलं गेलं.

रफीक परतला. "बघितलं का रे?"

"बघितलं," मी म्हणालो.

माझा बेत साधा होता. वीस-पंचवीस दिवसांनी सेंट्रिंग खोलायचं, छताला उघड्या सळया दिसायच्या, आणि आक्कानं मान वर करून विचारायचं, हे काय रफीक? एवढंच मला ऐकायचं होतं.

सेंट्रिंग खोललं तेव्हा रफीक आष्टीकडं कामाला गेला होता. प्लेटा सुटल्या आणि स्वयंपाकघराच्या छताला सळयांच्या काळ्या रेघा दिसल्या, उपाशी बैलाच्या बरगड्यांसारख्या. मी खाली उभा राहून बघत राहिलो. आक्काला हाक मारायची होती. मारली नाही. दया आली म्हणून नव्हे. रफीक आला तर तो वर चढेल, तोडलेल्या तारांची टोकं त्याच्या नजरेतून सुटायची नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी संध्याकाळच्या आत गिलावा करून टाकला. पातळ, गुळगुळीत. त्या गिलाव्याची आक्कानं तारीफ केली.

नंतरचे उन्हाळे मला एकात एक मिसळलेले आठवतात. आक्काच्या गच्चीवर वाळवणं पसरलेली, कुरडयांचा चीक, पायाला चटके. गच्चीच्या त्याच कोपऱ्यात दाजींनी पाण्याची टाकी बसवली, तिचा नळ थेंब थेंब गळायचा आणि मी म्हणायचो, "दाजी, वायसर बदला." खाली चुलीची, पुढं गॅसची वाफ, वरून ती ओल. मी जेवायला बसलो की घास घेताना वर बघायचो. सहा-सात वर्षांनी तिथं चहा सांडल्यासारखा एक डाग उमटला. मग एक भेग. भिंतीची भेग वाकडीतिकडी जाते, ही सरळ होती, पट्टीनं आखल्यासारखी. सळई कुठं आहे ते ती दाखवत होती. दर दिवाळीला मी आक्काच्या स्वयंपाकघराला रंग मारून द्यायला लागलो. ती शेजारणीला सांगायची, "मागावं लागत न्हाई. भाऊ असावा तर असा." मी ब्रश बुडवून पुन्हा वर बघायचो.

रफीकचं नाव मात्र पार गेवराईपर्यंत गेलं होतं. माझ्या पोरीच्या सासरच्यांनीही घर बांधताना मला फोन केला तो त्याचा नंबर मागायला. मी दिला. एक आकडा चुकवून द्यावा असं मनात आलं होतं, पण तेवढं केलं नाही. माझ्या चांगुलपणाचा हिशेब हा असा आहे.

गेल्या श्रावणात ते पडलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आक्का कानवले तळत होती. छताचा पाटाएवढा तुकडा थेट कढईवर पडला आणि तेल तिच्या उजव्या हातावर उडालं, मनगटापासून कोपरापर्यंत. मी गेलो तेव्हा ती हात पाण्यात घालून बसली होती आणि वर नागड्या सळया दिसत होत्या. लाल, फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या. बोट लावलं तर भुगा हातात यावा.

दाजी पारावर बसून सांगायला लागले, "लई नाव होतं ना रफीक मिस्त्रीचं? सडकं लोखंड घातलं माझ्या घरात. बाईमानूस मरता मरता वाचली." गावात अशी गोष्ट सांगायला दुसऱ्यांदा तोंड उघडावं लागत नाही. लोक ऊसतोडीला निघायच्या आधीच रफीकची ठरलेली दोन कामं सुटली. तिसरा माणूस थेट माझ्याकडं आला. "तुमीच लोखंडवाला बघा दत्तूशेठ, पन तो नको." मी मान हलवली. आणि सांगायची लाज वाटते, पण त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

छत दुरुस्त करायला रफीक आपण होऊन आला. दाजी ओसरीवर तोंड फिरवून बसून राहिले. त्यानं सैल झालेलं सगळं छन्नीनं ठोकून काढलं, सळईच्या मागंसुद्धा बोट जाईल इतकं. मग तारेचा ब्रश घेतला. तीन दिवस तो मान वर करून घासत होता, पापण्यांवर गंजाचा लाल भुगा. खालून बघणाऱ्याला वाटावं, भांडं घासतोय. सळई चकाकायला लागली की तिला गंज रोखणारा लेप लावायचा. जिथं अर्धी खाल्ली गेली होती तिथं शेजारी नवी सळई जोडायची. हे सगळं मी टेकू धरून बघत होतो, कारण आक्कानं सांगितलं होतं, "तू बी हात लाव, एकटा किती करल."

दुसऱ्या दिवशी त्याचा ब्रश थांबला. सळईला तारेची दोन टोकं पिळलेली होती, पक्कडीनं तोडलेली. थोड्या अंतरावर आणखी दोन. मग आणखी. त्यानं एकेकाला बोट लावून बघितलं. मग खाली माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "टेकू नीट धर, हलायलाय." आणि पुन्हा घासायला लागला.

जाताना तो दाजींपुढं उभा राहिला. "दाजी, माझ्या हाताखालचं काम हाय. जिम्मेदारी माझी." दाजींनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी दारात उभा होतो. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो माझं ओझं उचलून चालला होता, आणि मला त्याच्या सरळ पाठीचा हेवा वाटत होता. दुसरं काही वाटायला हवं होतं.

यंदाच्या चैत्रात दाजींनी मुलासाठी वरची खोली काढायची ठरवली. "लोखंड दुसऱ्याचं आन. त्या मानसाला मी पायरी चढू देनार न्हाई," ते मला म्हणाले. मी गच्चीवर माप घ्यायला गेलो. आक्का सोऱ्या दाबून कुरडया घालत होती. जोर लावला की हातावरची भाजलेली कातडी ताणली जायची, गुलाबी आणि चकचकीत. मी माप घ्यायची टेप खाली ठेवली आणि तिला सांगितलं. शुक्रवार, पक्कड, गिलावा, दर दिवाळीचा रंग. सगळं.

तिनं हातातली कुरडई पुरी केली. मग सोऱ्या ठेवला.

"कावून केलंस?"

"तू त्याला पहिला टॉवेल दिलास."

बोलून झाल्यावर ते किती लहान वाटलं! पन्नाशी ओलांडलेला माणूस, गच्चीवर, कुरडयांमध्ये उभा.  आक्कानं रफीकला फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत तिनं मला बस म्हटलं नाही.

"रफीक, तुला ठाऊक होतं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "होतं, आक्का. तारा बघितल्या तवाच."

"मग बोलला कावून न्हाईस रे?"

"काय बोलू? तुमचा भाऊ हाय."

आक्का माझ्याकडं वळली. "हात माझा भाजला. नाव याचं गेलं. तुझं काय गेलं रे, दत्ता?"

मी खाली ठेवलेली टेप उचलली.

"मला सांगून भागत न्हाई," ती म्हणाली. "बोंब गावात झालीय. गावात सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेलो. दाजी होते, आणि ज्याचं काम रफीककडून सुटून माझ्याकडं आलं होतं तो बबन होता. ऊसतोडीहून नुकताच परतलेला, दोन खोल्यांचा स्लॅब टाकायला निघालेला. मी उभ्यानं सांगितलं.  दाजी चपला घालून निघून गेले आणि अजून माझ्याशी बोललेले नाहीत. बबन तंबाखू मळत होता.

"मंजे लोखंड चांगलं होतं, गवंडी सडका होता," तो म्हणाला. "मग मी तुमच्या हातानं कावून टाकू स्लॅब?"

"नको टाकू," मी म्हणालो.

लोखंड रफीकला गेलं, स्लॅब दुसऱ्या गवंड्याला. आक्काच्या वरच्या खोलीचंही तेच झालं. यंदा माझा मिक्सर दारात उभा आहे, त्याच्या ड्रममध्ये मांजर व्यालं आहे.

बबनच्या स्लॅबच्या दिवशी मी जायला नको होतं. पण आवाज ऐकू येत होता, घरात बसवेना. मी रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभा राहिलो. माल ओढायला जमलेल्यांतला एक ओरडला, "दत्तूशेठ, पक्कड घरी ठिवून आलाव का?" सगळे हसले. यावेळी मी हसलो नाही. वरून रफीकनं वाकून बघितलं.

"वर ये बे."

"कशाला?"

"दोन डोळे जास्त पायजेत. माल पडायच्या आधी जाळीखालून बघून घे, एखादी सळई टेकली का."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. मी शिडी चढलो. प्लेटा तापल्या होत्या. मी पालथा पडलो, गाल सळईजवळ नेला आणि जाळीखालून बघितलं. दुसऱ्या टोकापर्यंत उजेडाची एक सरळ फट होती, आणि तिच्यात ओळीनं ब्लॉक उभे होते. मी एका ठिकाणी अंगठा घालून बघितला. पेर बरोबर बसलं. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि सरपटत सगळा स्लॅब बघितला. एकही सळई टेकलेली नव्हती.

"ठीक हाय का?" रफीकनं विचारलं.

"थांब," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून बघायला लागलो. त्याला वाटलं असेल, दत्ता आता जपून काम करतोय. खालच्यांनाही तसंच वाटलं असेल. मी मात्र पोटावर सरकत, घाम डोळ्यांत जात असताना, निदान एक तरी टेकलेली सापडावी म्हणून बघत होतो.

सापडली नाही. मी हात वर करून माल सोडायला सांगितलं.